चाफ्याची सहावी पाकळी

ती. सौ. आक्कास,

छावणीहून इंद्रजीतचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? इथं सगळे मजेत, मी सोडून. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, अन् माझी अब्रू अख्ख्या गुलमंडीला ऐकू जायची.

शेजारच्या कमरुन्निसाभाभी तुला ठाऊकच. चांदपाशाभाई गेल्यापासून त्यांच्या अंगणातल्या पांढऱ्या चाफ्याची फुलं पहाटे चोरीला जायला लागली. भाभींनी गाऱ्हाणं सांगितलं, तर मी छाती पुढं काढून म्हणालो, चोर मी धरून देतो! (तो शोधायला मला लांब जायची गरजच नव्हती.) संशय घेतला दूधवाल्या कडूबावर, कारण तो पहाटे उठतो. पहाटे मीपण उठतो, खिशात पिशवी असते अन् छत्रीच्या दांड्यानं फांदी खाली येते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाय. देवासाठी तोडलेली फुलं चोरीत धरत नाहीत, अशी मी मनाची समजूत घातली होती.

परवा तुझ्या भाचीला, निशाला ताप होता म्हणून भाभी खिचडी घेऊन आल्या अन् देव्हाऱ्यापुढं थबकल्या. चाफ्याला पाकळ्या पाच. पण त्यांच्या झाडाला मधूनच सहा पाकळ्यांचं फूल येतं, अन् तुझा चोखंदळ भाऊ दर वेळी नेमकं तेच भरगच्च फूल हेरून आणत होता! भाभी बोटानं पाकळ्या मोजत होत्या. मी उगाच पंख्याचं बटण फिरवत उभा. आक्का, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं बघ.

शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हळूच म्हणाल्या, "भाईसाब, पाचवाले सब ले लो. छे-वाले तेवढे छोडो. अम्मार के अब्बा की कबर पे मैं वहीच भेजती."

चांदपाशाभाई स्वतः ते फूल हुडकून त्यांना आणून द्यायचे म्हणे. त्यांचा पोरगा अम्मार दर जुम्म्याला रिकाम्या हातानं कबरस्तानात जात होता, अन् मी निर्लज्जासारखा विचारायचो, भाभी, चोराचा काही सुगावा?

तुझा,
इंद्रजीत

ता. क. चिठ्ठी कडूबाच्या हाती पाठवतोय. त्याला अजून काही सांगितलेलं नाय, तो समोर असताना वाचू नको.

दुसरा ता. क. उद्या जुम्मा. अम्मारसोबत मीपण कबरीवर जाणार आहे. सकाळपासून झाड बघतोय, सगळी फुलं पाचवाली. दाजींना म्हणावं, तिकडं कुणाच्या दारच्या चाफ्यावर सहावालं एखादं मिळतं का बघा. मालकाला विचारून तोडा.