वरची मूठ

सोमवार वागे, १ जुलै

सगळ्यांत आधी टपकली कोण, तर शेजारची सुतिनाह! नातीनं, लारासनं, विक्रीसाठी बांबूच्या काठीला फोन बांधला न बांधला, तोच बाई ओठ रंगवून अंगणात हजर. "सहज आले, म्बाह. मीठ मागायला." मीठ मागायला ओठ कोण रंगवतं गं बये? तिच्या मागून तिची जाऊ, मग मशिदीमागच्या दोघी बहिणी — सगळी गल्लीच.

नात माझी फोनसमोर उभी राहून ओरडत होती — "या ताई, या दादा! आमच्या म्बाहच्या, आजीच्या हातचे रेंगिनांग! चिकट तांदूळ, लसूण, कडक उन्हात वाळवलेले. तेलात टाका, फुलासारखे फुलतील!" मग एकदम मला ओढलं. "म्बाह, बोल काहीतरी." माणूस दिसत नाही, मी बोलणार कुणाशी? विचारलं, "जेवलात का सगळे?" — तर फोनमध्ये पत्त्यांतले लाल बदाम उडायला लागले! भराभर! सुतिनाह म्हणते, "म्हातारीवर मरतात बघा लोक."

संध्याकाळी वाळवणाची टोपली रिकामी. एवढ्या वयात असं कधी झालं नव्हतं. बाजारात मी पाच बाजारवारांतला वागे असो की लेगी, दुपारपर्यंत माश्या हाकत बसते, नि इथं अंगणात बसल्या बसल्या!

पण लारास म्हणते, जीव लावू नकोस. हे मी जाईपर्यंतचं. २६ तारखेला सकाळी एजंटची गाडी येणार, तिथून सुराबायाला शिकवणी, मग तैवान. कुणातरी म्हातारीला न्हाऊमाखू घालायला. मी म्हटलं, "घरातली म्हातारी काय वाईट आहे?" म्हणाली, "घरातली म्हातारी पगार देत नाही." हसली. मीही हसले. तिची आई गेली तेव्हा ही एवढीशी होती, माझ्या कुशीतच वाढली. जाऊ नको म्हणायचं तोंड नाही मला. पोरीला इथं काम कुठलं?

बुधवार लेगी, ३ जुलै

परवा संध्याकाळी कुरिअरवाला आला, गुनादी; सगळे त्याला मास, म्हणजे दादा, म्हणतात. मोठा गोड माणूस, पण मोटरसायकल अशी खोकते की दम्याची म्हातारी बरी.

लारासच्या डब्यातून शाईशिवाय पत्त्याचा कागद निघतो. चिकटवला पुड्यावर की झालं! मग फोनमध्ये दिसतं पुडा कुठं पोचला. मी रात्री जेवताना, सकाळी तांदूळ भिजवताना, सारखी विचारते — आता कुठं? "सुराबाया, म्बाह." आता? "जहाजावर." पुढं? "मकासर!" मी आयुष्यात कधी जहाजात बसले नाही. माझे रेंगिनांग बसले!

शनिवार वागे, ६ जुलै

लारास फार काटेकोर. पुडा काट्यावर ठेवते, वजन फोनात घालते, बाजूला सारते. मग दुसरा. वर काही नाही! मी गप्प बघत बसले होते. गिऱ्हाइकाला मोजून द्यायचं आणि वर मूठभर इंबुह द्यायचा नाही? माझी आई बाजारात बसायची तीसुद्धा द्यायची. वरची मूठ नाही दिली तर गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, पण परत फिरकत नाही.

ती पाणी प्यायला आत गेली. पुड्यांची तोंडं चिकटवायची होती अजून. घातली प्रत्येकात एकेक मूठ. आता बरं वाटलं!

मंगळवार पाहिंग, ९ जुलै

वाईट दिवस.

शनिवारचे पुडे तालुक्यापुढं गेलेच नाहीत. तिथल्या गोदामात अडकले. तिथं म्हणे काटा आपोआप वजन करतो, आणि लारासनं लिहिलेलं वजन जुळत नाही. सगळेच पुडे जड! गोदामवाले म्हणतात, भाडं वाचवायला दुकानदार वजन कमी लिहितात, ही त्यातलीच. गिऱ्हाइकं खवळली. दुकानाच्या नावापुढचे तारे एका दिवसात घटले.

लारासनं काटा चार वेळा पुसला. मिठाची पिशवी ठेवून बघितली. काटा बरोबर. मग भिंतीला टेकून बसली. "बरं झालं मी जातेय, म्बाह. मला नाही जमत हे."

मी तिथंच तांदूळ धूत होते. हात पाण्यातच राहिला. म्हटलं, "अगं... वरची मूठ मी घातली."

"काय घातलंस?"

"इंबुह."

"वजन झाल्यावर?"

"तू पाणी प्यायला गेली होतीस."

"म्बाह! मी चोर ठरले ना!"

रडली. मीही रडले. सुतिनाह कुंपणावरून डोकावली, तिला काही कळेना, तीही रडली. तिला निमित्तच लागतं.

बुधवार पोन, १० जुलै

बोलत नाही माझ्याशी. पण ताट झाकून ठेवलं होतं माझं.

गुरुवार वागे, ११ जुलै

सकाळी चहा घेऊन आली आणि समोर बसली. म्हणाली, "मूठ बंद करायची का, म्बाह?"

म्हटलं, "तुझं दुकान आहे. तू सांग."

"बंद नाही करायची. वजनाच्या आधी घालायची." आणि हसली! देवा, किती बरं वाटलं.

आता असं ठरलंय — मूठ वेगळ्या केळीच्या पानात बांधायची, पुड्यात ठेवायची, मगच काट्यावर. दुकानाच्या पानावर तिनं लिहिलं, "सोबत म्बाहची वरची मूठ." गोदामात ती स्वतः गेली मास गुनादीच्या मागं बसून, आणि अडकलेल्या पुड्यांचं वजन सगळ्यांसमोर नव्याने लिहून दिलं. गोदामाचा साहेब म्हणाला म्हणे, "वजन चोरणारे खूप पाहिले, जास्त घालून फसणारे पहिल्यांदा पाहिले."

मंगळवार वागे, १६ जुलै

बालिकपापनच्या एका बाईनं फोटो पाठवला. केळीचं पान उलगडून ठेवलेलं. खाली लिहिलं होतं, "माझी आजी बाजारातून अशीच मूठ आणायची." लारासनं मला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा मी स्वतः वाचलं, अक्षर लावत लावत.

तारे परत आले. सुतिनाहच्या कसाव्याच्या चिप्सही आता आमच्याच दुकानात. बहिणी कागद चिकटवतात. उन्हाचं तर विचारूच नका, आमचा हा कोरडा हंगाम, वाळवणावर नुसतं ओतू जातंय!

शुक्रवार पाहिंग, १९ जुलै

मास गुनादीची गाडी आज कुंपणापाशी आडवी झाली. पुडे नाल्यापर्यंत घरंगळले. सगळ्या गल्लीनं गोळा केले, एकही फुटला नाही. तो कपाळ पुसत म्हणाला, "म्बाह, मी वरिष्ठांना सांगतो. या गावाला पुडे गोळा करायची जागाच हवी, रोज व्हॅन येईल. पण सांभाळणारं कुणीतरी लागेल — फोन, काटा, सगळं कळणारं."

मी लारासकडे बघितलं नाही. मुद्दाम नाही बघितलं. तिची बॅग २६ तारखेच्या गाडीसाठी खाटेखाली भरलेली आहे.

सोमवार क्लिवोन, २२ जुलै

पाहुणे आले! तालुक्याहून, कुरिअर कंपनीचे दोघं — एक पाक, म्हणजे साहेब, हर्तोनो, टक्कल, भारी सभ्य. एक शहरातली पोरगी, सगळ्याचे फोटो काढत होती. आमची पुढची खोली बघितली, दार मोजलं, वीज बघितली. सुतिनाह लग्नाचं बाटिक नेसून आली.

पुढ्यात बशी ठेवली तरी दोघं हात लावेनात. घ्या म्हटल्याशिवाय कसं घेतील! मी म्हटलं, घ्या, घ्या. मग बशी चाटूनपुसून साफ.

पाक हर्तोनो म्हणाले, "जागा चांगली आहे. सांभाळणार कोण?"

सुतिनाह म्हणते, "म्बाह!"

मी म्हटलं, "मी? मी काट्याशेजारी बसले तर पुन्हा तुमचं गोदाम अडेल!" हसले सगळे. लारास नाही हसली. चटईची काडी मोडत बसली होती. ते म्हणाले, "माणूस ठरलं की कळवा. मग कधी यायचं तेही तुम्हीच सांगा."

गेले. मी बशा धुतल्या. जीभ दाताखाली धरून बसले, खरंच.

मंगळवार लेगी, २३ जुलै

वाळवण आज लारासनंच उलटलं, सगळं, एकेक करून.

बुधवार पाहिंग, २४ जुलै

मघाशी लारासनं पाक हर्तोनोंना फोन केला. माझ्यासमोर. दिवस तिनंच सांगितला, तेही हो म्हणाले. पाहुणे परत येणार — शुक्रवार वागे, २६ जुलै, सकाळी.