ट्रॉम्बोन : बाबा

४ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझी तबकडी काल सुखरूप पोहोचली. इतकी वर्षं पंक बँडपुढे उभी राहून बेंबीच्या देठापासून ओरडलीस, आणि एकटीचा अल्बम काढलास तो रेगे आणि स्काचा! ठेका पडतो तिथे गिटार गप्प, पाय उचलला की टोचते. मला गंमत वाटली. बाबा म्हणाले, भोंग्याला अखेर श्वास घ्यायचं सुचलं.

मग तिसरं गाणं लागलं. बाबांनी चष्मा काढला आणि सुई मागे न्यायला लावली. पुन्हा ऐकलं. हा ट्रॉम्बोन कोण वाजवतोय, म्हणून विचारलं. मी कव्हरवरच्या छापील ओळीवर बोट ठेवलं : ‘ट्रॉम्बोन : बाबा’. ते म्हणाले, कवळी बसवल्यापासून मला अर्ध्या ओळीत दम घ्यावा लागतो. हा गडी अख्खी ओळ एका दमात काढतोय.

कपाटाला गाद्या टेकवून, खिडक्या बंद करून तू मागच्या खोलीत त्यांचं वाजवणं रेकॉर्ड करून नेलं होतंस. त्याचं काय झालं? हे मी बाबांसाठी विचारतेय, की तू गेलीस आणि मी इथे त्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळत बसले म्हणून, हे माझं मलाच ठरवता येत नाही. तरी उत्तर दे.

माया पातळ झालेली नाही, हे लक्षात असू दे.
तुझी, ताई


९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाळेतल्या उत्तरपत्रिका तपासायची सवय घरच्या माणसांवर नको काढूस, बाई. सांगते. बाबांचा सूर रेंगाळतो, कवळीतून शिट्टी येते. साउंडवाल्याने दोन दिवस डोकं आपटलं आणि हात टेकले. मग एका भाड्याच्या वादकाकडून ती ओळ करून घेतली. नाव तेवढं बाबांचं ठेवलं.

आणि ते खोटं नाही. आपल्या पुढच्या खोलीत बाबांच्या बँडची तालीम चालायची तेव्हा ढोलाच्या ‘धम्’नंतरचा ‘पँ’ तेवढा वाजवणारी माणसं मागे बसायची. मी त्यांच्या पायांशी खेळायचे. हा अल्बम तिथला आहे. मी घसा फोडून गायले तेव्हा एका कुत्र्याने विचारलं नाही. मुलाखतीत बाबांचं नाव घेतलं आणि सगळे धावत आले. आता कुठल्या तोंडाने मागे घेऊ?

वीस तारखेला पहिला कार्यक्रम आहे. त्यांना घेऊन ये. माझ्या शेजारी उभे राहतील, त्यांचा माइक बंद असेल, वाजवणारा पडद्यामागे. त्यांना यातलं काही सांगू नकोस. त्यांना बरंच वाटेल, बघ.

रागव, पण ये. माझ्यावरचा जीव काढून घेऊ नकोस.
तुझाच, भोंगा


१४ मार्च

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

बाबा त्या परक्या माणसाचं वाजवणं शिकताहेत. कव्हरवर आपलं नाव आहे, तर लोकांसमोर ते आपल्याला वाजवता आलं पाहिजे, असं म्हणतात. सकाळी तबकडी लावतात, तो दम कुठे घेतो ते कान देऊन ऐकतात, मग भिंतीकडे तोंड करून फुंकतात. कवळी हलते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन ती घट्ट करून आणली. आता हिरड्या सोलवटल्यात. पातळ तेवढंच पोटात जातं. काल निम्म्या ओळीच्या थोडं पुढे पोहोचले आणि मला हाक मारून पुन्हा वाजवून दाखवलं. दुसऱ्यांदा जमलं नाही. मी छान म्हटलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहा ठेवायला आत गेले.

आज तुझं पत्र त्यांच्या हातात दिलं. खरेपणा म्हणून दिलं, की ते फुंकणं मला बघवेना म्हणून, की तुझी जिरवावी म्हणून? तिन्ही असेल. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, माझ्याकडे कागद मागितला. त्यांचं पत्र सोबत जोडलंय. मी वाचलेलं नाही.

यापुढे माझ्याकडून काही लपवून घेण्याची अपेक्षा ठेवू नकोस. बाकी आहे तसंच आहे.
ताई


१४ मार्च

चि. भोंग्यास,
अ. आ.

पत्र वाचलं. येतो.

तू लहान होतीस, तुला ठाऊक नसेल. बँडची रांग भरलेली दिसावी म्हणून मी दोन माणसं नुसती उभी करत असे. वर्दी तीच, वाद्य तेच, आवाज नाही. आम्ही त्यांना मुके म्हणायचो. गाल कसे फुगवायचे, बोटं कधी हलवायची, हे मी स्वतः शिकवायचो. बघणाऱ्याला शंका येत नसे. तेव्हा काळजी करू नकोस, या कामात मी कच्चा नाही.

मुक्याला एक पथ्य असायचं. टाळ्या पडल्या की त्याने मान लववायची नाही, त्या टाळ्या खऱ्या फुंकणाऱ्याच्या. एक जण लववायचा, त्याला मी चारचौघांत रांगेतून काढला. घरी पोरंबाळं होती त्याला. वीस तारखेला तू माझं नाव घेशील, लोक टाळ्या वाजवतील, तेव्हा मी ताठ उभा राहीन. म्हातारा चक्रम आहे म्हणून सांग.

मुक्याच्या वाद्यात आम्ही फडकं कोंबायचो, चुकून फुंकलं तरी सूर निघू नये म्हणून. तू माझा माइक बंद ठेवलास तरी माझं फुंकणं पुढच्या रांगेला ऐकू जाईल. फडकं मी घरूनच घेऊन येतो.

लोभ आहे. वाढव म्हणत नाही.
बाबा