आत्याच्या हाडांतली मुळं

सोमवार, ४ मार्च
नेमकी उन्हाची खोली दिली मला. वहिनीला बंदरावरच सांगितलं होतं, माझा ल्युपसचा रोग उन्हानं चेकाळतो. तर म्हणते, "वन्सं, ऊन कुणाला खातं का?" जेवण मात्र झकास. नारळाच्या दुधातली अळूची पानं, भाजलेलं डुक्कर. दादा मला बघून रडलाच. वावाऊ बेट सोडून इथं राजधानीत, नुकुआलोफाला दादाच्या घरी आले ती दवाखान्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी रोजचं दुखणं लिहायला सांगितलंय. किडनी सुजलीय म्हणाल्या. गोळ्या सोडणारे लवकर जातात, घेणारे पुष्कळ जण म्हातारे होतात. शाळा किती शिकलात, हेही विचारलं. रोगाला काय दाखला लागतो? म्हणाल्या, कमी शिकलेल्यांना कुणी नीट समजावत नाही, म्हणून ते आधी जातात. मला समजलंय. मी जाणार नाही.

गुरुवार, ७
बोटं वळेनात. वहिनी म्हणते, हा दवाखान्याचा रोगच नव्हे. परसापलीकडच्या आमच्या आत्याच्या थडग्यात झाडाची मुळं शिरली असणार, तिच्या हाडांना टोचतं ते मला दुखतं. दादानंही होकाराची मान डोलावली. आत्याच्याही गालांवर माझ्यासारखेच लाल चट्टे होते, अंग सुजून गेली, औषधाविना. घराण्यात आत्याचा मान मोठा, मेल्यावरसुद्धा. मी म्हटलं, उकरा. गोळ्या थांबणार नाहीत.

शनिवार, ९
मूळ खरंच होतं. तिच्या उजव्या हाताच्या बोटांत गुंतलेलं, माझी दुखतात त्याच बोटांत. दादानं ते तोडलं, हाडं तेलानं पुसून, पांढऱ्या कापडात बांधून परत पुरली. दुखणं तिथल्या तिथे गेलं. वहिनी म्हणाली, आता फेका त्या गोळ्या. फेकल्या नाहीत.

मंगळवार, १२
गोळ्यांची बाटली अर्धी झालीय, एवढ्या मी घेतल्याच नाहीत. वहिनीवर ओरडले. तिनं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, मी शिवले नाही. लघवीला फेस, पाय सुजलेले.

बुधवार, १३
भर दुपारी छत्री घेऊन थडग्यापाशी गेले. पांढऱ्या वाळूत माझ्या गोळ्या खोचलेल्या. भोवती बोटांच्या खुणा— खालून वर आलेल्या.
सगळ्या वेचल्या. एक तिथंच गिळली, तिच्यादेखत.

शुक्रवार, १५
बाटली उशीखाली होती. रिकामी. उशीवर वाळू. आता वहिनीच रडते, दवाखान्यात जाऊन राहा म्हणते. दादा दारात येत नाही.

शनिवार, १६
खाटेखाली मुळं. ओली. फळ्यांतून वर— माझ्या पायाच्या बोटांना—
कापली. पुन्हा आली.
आत्या, मान तुझाच. तुझ्यासमोर मी कधी वर तोंड केलं नाही. पण किडनी माझी आहे. तुझ्या वेळी गोळ्या नव्हत्या, हा माझा दोष? मला जगायचंय. माझ्या गोळ्या परत देतेस की नाही, उद्या रविवारी चर्चची घंटा होईपर्यंत सांग. नाहीतर मी स्वतः कुदळ घेऊन—