उफ की हुश्श

३ ऑगस्ट, दुपार

पहिले माफी. मी एका बोटानं टाईप करतो, टाइम लागते. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याले कधी जमलंच नाही. वाचणारं कोणी नाही, तरी मागून ठेवलेली बरी.

आजपासून रोज लिहीन. शाळा नववीत सोडली म्हणून अभ्यास सोडला असं नाही. शाळा काहून सोडली, तर तिथं उभं राहून मोठ्यानं वाचावं लागे. बसून मनात वाचायचं असतं तर आज कॉलेजात असतो.

सध्या नागपूरच्या सदर भागात मधुसूदनकाकाच्या दुकानात बाइंडिंग शिकून राहिलो. आज नूपुरताई आल्या. त्या आमच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर फ्रेंचचा क्लास घेतात. त्यांचं एक फ्रेंच पुस्तक उसवलं, पानं हातात आली. पूर्ण चित्रांचं पुस्तक. ताईनंच ते मराठीत केलं अन् पुण्याच्या एका प्रकाशकानं छापलं. मी चित्रं पाहतच राहिलो, तर मराठीवालं पुस्तक मलेच देऊन टाकलं. म्हणे, तुझ्यासारख्यांसाठीच केलंय. माझ्यासारखे म्हणजे कसे, ते विचारलं नाही. विचाराले बोलावं लागते.

४ ऑगस्ट

मोठा निश्चय. फ्रेंच पुस्तक दुकानात आहे तोपर्यंत दोन्ही बाजूबाजूले ठेवून पानापानानं ताडून पाहायचं. असं काम नागपुरात कोणी केलं नसन.

फ्रेंच येत नाही, ही अडचण किरकोळ आहे.

६ ऑगस्ट

गोष्ट अशी आहे. फ्रान्समध्ये एक कॅनॉल. त्याच्यावर पाण्याचं गेट. ओडील नावाची म्हातारी चाक फिरवून गेट उघडते, मंग नावा पुढे जातात. तिचा नवरा कितीक वर्षांपासून खाटेवर पडून आहे. ती गेट पण सांभाळते अन् त्याले पण. एक कुत्रं आहे. शेवटी नवरा मरते, पांढऱ्या गाडीत त्याले नेतात, म्हातारी गेटपाशी खुर्चीवर बसते. खतम.

मी पद्धत काढली. वाक्यं सोडून द्यायची, आवाज वाचायचे. दार वाजते तिथं फ्रेंचमध्ये टोक टोक, मराठीत टक टक. पास. कुत्रं तिकडे वाफ वाफ, इकडे भू भू. पास. कोंबडा कोकोरिको, कुकुचकू. पास. गोटा पाण्यात पडते तर तिकडे प्लुफ, इकडे डुबुक. हे थोडं ओढून-ताणून पास केलं. म्हणजे आवाज साऱ्या दुनियेत सारखेच. अर्धं फ्रेंच तर मले असंच येऊन गेलं.

काका म्हणे, पुस्तक शिवून राहिला का पीएचडी करून राहिला बे.

९ ऑगस्ट

सापडली. चूक सापडली.

शेवटचं पान. गाडी दूर गेलेली, म्हातारी खुर्चीवर, कुत्रं पायापाशी. बोलण्याचा एकच फुगा. त्याच्यात ओ, यू, एफ. म्हणजे उफ. हिंदी पिक्चर पाहणाऱ्या कोणालेही हे समजते, त्याले क्लास लावाची गरज नाही. अन् ताईनं मराठीत काय लिहिलं, तर हुश्श.

नवरा मेला अन् बाई हुश्श म्हणन का? हुश्श तर सिलेंडर वरच्या माळ्यावर चढवून झाल्यावर म्हणतात.

मोबाईलचा कॅमेरा लावून अर्थ तपासता आला असता. पण तीन अक्षरांसाठी काय डेटा जाळायचा. उद्या ताईले सांगतो. त्यांचंच भलं होइन.

१० ऑगस्ट

ताई आल्या, पुस्तक झालं का म्हणे. मी म्हटलं, होऊन राहिलं. तोंडातून एवढंच निघालं.

तोंडी जमत नाही ते लेखी करावं. संध्याकाळी प्रकाशकाच्या पेजवर कमेंट टाकली. नाव ठेवलं, फ्रेंच अभ्यासक, नागपूर. अभ्यास तर करतोच ना. लिहिलं का शेवटच्या पानावरचा शब्द साफ चुकला, मुळात दुःख आहे अन् मराठीत सुटका, हा एका विधवेच्या अश्रूंचा अपमान आहे. हे शेवटचं कुठून आलं मलेच माहीत नाही, पण वाचून अंगावर काटा आला.

साधी सूचना आहे. ताईपर्यंत कशाले जाते.

१२ ऑगस्ट

लोक खूप लाइक करून राहिले. एक जण म्हणे, आजकाल अनुवादाचा दर्जाच राहिला नाही. एका मॅडमनं विचारलं, सर, आपण फ्रेंच कुठे शिकलात. मले आजपर्यंत कोणी सर म्हटलं नव्हतं. मी लिहिलं, सदरले. खोटं थोडीच आहे, जे काही शिकलो ते सदरलेच.

संध्याकाळी ताट अर्धंच टाकून उठलो. सकाळच्या पोह्यावर तर्री जास्त झाली असन.

१४ ऑगस्ट

तर्री नव्हती.

ताई काकाशी बोलून राहिल्या होत्या, मी कटिंग मशीनच्या मागे. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघून राहिली, अन् प्रकाशक म्हणते का तो शब्द बदलून टाकू. ताई म्हणे, त्या एका शब्दापाशी मी महिनाभर अडून होते, तो बदलला तर पुढचं पुस्तक मी करत नाही. आवाज कसातरीच झाला होता त्यांचा. मंग म्हणे, या सदरमध्ये फ्रेंच शिकवणारी मी एकटी, म्हणजे लिहिणारा माझ्याच क्लासमधला. त्यांचा वहम हर्षितवर आहे. त्याले मागच्या परीक्षेत कमी मार्क पडले होते.

काका म्हणे, पोट्ट्याचे कान धरा चांगले. माहे कान आपोआप गरम झाले.

उद्या सांगून टाकतो. पंधरा ऑगस्ट, दिवस चांगला आहे.

१५ ऑगस्ट

सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी कोणाच्या घरी जाऊन त्रास देऊ नये.

१७ ऑगस्ट

एक तरी माणूस माह्या बाजूनं पाहिजे म्हणून दोन्ही पुस्तकं घरी आणली अन् मराठीवालं आईले दिलं. म्हटलं पाह्य, एवढ्या शिकलेल्या बाईची चूक. आई बोट ठेवून हळूहळू वाचते. भात खाली लागला तरी उठली नाही. शेवटच्या पानावर आली अन् थांबली.

मी म्हटलं, इथं उफ पाहिजे ना वं आई.

आई म्हणे, "तुह्या आजोबाले नेलं तेव्हा मी अंगणात बसून काय म्हटलं होतं?"

मले माहीत होतं. मी दारातच उभा होतो. नत्थू आजोबा खाटेवर पडले तेव्हापासून पुसणं, कूस पालटवणं, भरवणं, सगळं आईनं केलं. लोक त्याइले घेऊन गेले, आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली अन् म्हणे हुश्श. मंग जे रडाले लागली ते दिवे लागेपर्यंत. ते हुश्श मी कोणाले सांगतलं नाही. मले वाटे चुकून निघालं असन. मनातल्या मनात आईले माफ पण करून टाकलं होतं.

"लिहिणाऱ्या बाईले माहीत आहे," आई म्हणे, अन् भात खरवडाले गेली.

फ्रेंच पानावर कॅमेरा लावला. सुटलो म्हणून सोडलेला श्वास, असं आलं. डेटा काही खास गेला नाही.

१८ ऑगस्ट

कमेंट काढून टाकली. विषय संपला. एवढं सोपं होतं.

१९ ऑगस्ट

विषय वाढला. कमेंटचा फोटो कोणीतरी आधीच काढून ठेवला होता. आता लोक म्हणते का अनुवादिकेनं दबाव टाकून एका अभ्यासकाचा आवाज बंद केला. माहा आवाज. जो शाळेत मास्तरले पहिल्या बाकावरही ऐकू गेला नाही.

२० ऑगस्ट

प्रकाशकाले मेल केला, एकदम खरं खरं. मी अभ्यासक नाही, मले फ्रेंच येत नाही, मी नववी सोडलेला आहे, हुश्शच बरोबर आहे, बदलू नका. खाली नाव टाकणार होतो. पण मेल आधीच लांब झाला होता.

२२ ऑगस्ट, पोळा

उत्तर आलं. म्हणते, आपल्यासारख्या व्यासंगी माणसाचा हा विनय दुर्मीळ आहे, आपल्यावर कोणाचा दबाव आहे ते आम्ही समजू शकतो. काकाले विचारलं, व्यासंगी म्हणजे काय. काका म्हणे, तुले कोणी म्हटलं का, चुकून म्हटलं असन.

२३ ऑगस्ट, मारबत

आज इतवारीले ताईच्या घरी जाऊन सांगाचं होतं. निघालो पण. मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक आडवी आली, पाय ठेवाले जागा नाही. सगळे ओरडून राहिले, खोकला घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. मी पण हळूच म्हटलं, माही कमेंट घेऊन जा. बाजूचा माणूस म्हणे, काय घेऊन जा म्हटलं भाऊ? मी म्हटलं, खोकला.

तिथूनच वापस आलो. मोबाईल उघडला तर फोटो फिरूनच राहिला होता.

२ सप्टेंबर

हर्षित झेरॉक्स काढाले आला. काकाले सांगत होता का ताई आता त्याच्याकडे पाहत नाहीत, प्रश्न विचारला तर दुसऱ्याकडे पाहून उत्तर देतात. त्यानं काही केलं नाही, कोण्या भैताडानं काय लिहिलं त्याची सजा त्याले. मले म्हणे, आहे का नाही भैताड? मी म्हटलं, आहे.

त्याचे झेरॉक्स मी पाठपोट काढून दिले, एकदम साफ. एवढं तर करू शकतो.

फ्रेंच पुस्तक केव्हाचं शिवून झालं. ताईले सांगतलं, हवा दमट आहे, गोंद वाळून नाही राहिला. पुस्तक दिलं का तोंड दाखवावं लागन. पहिले बोलाची तयारी, मंग पुस्तक.

११ सप्टेंबर

तयारी झाली. ताई, तो मी होतो. चारच शब्द आहेत. मशीनले म्हणून पाह्यलं, बरोबर आलं. झाडूले म्हटलं, तरी बरोबर आलं. दुपारी ताई आल्या. मी म्हटलं, ताई, तो. तेवढ्यात काकानं मशीन चालू केली. ताई म्हणे, काय? मी म्हटलं, तो गोंद.

उद्या नक्की.

२० सप्टेंबर

ताई दुसरी आवृत्ती घेऊन आल्या. कव्हर नवीन. त्यांनी शेवटचं पान काढून काउंटरवर ठेवलं. म्हातारी तीच, खुर्ची तीच, कुत्रं तेच. फुग्यात उफ. म्हणे, मला न विचारता छापलं, पुढचं पुस्तक दुसऱ्या कोणाला द्या म्हणून आजच कळवून टाकलं. मंग पहिलं पान काढलं. तिथं आभाराच्या खाली बारीक अक्षरात होतं, अखेरच्या पानावरील दुरुस्तीसाठी आम्ही फ्रेंच अभ्यासक, नागपूर, यांचे ऋणी आहोत.

काका चहा प्याले गेले होते. मशीन बंद. गर्दी नाही, सुट्टी नाही. कोणताच बहाणा नव्हता. मी म्हटलं, ताई, तो मी होतो. हर्षित नाही.

ताईनं पुस्तक मिटून ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्यासमोर दोन शब्द निघत नाहीत तुझे," त्या म्हणाल्या, "आणि तिथे एवढं लिहिलंस? मला एकदा विचारायचं होतं ना रे."

मी पद्धत सांगाले गेलो. टोक टोक, टक टक. वाफ वाफपाशी आलो तेव्हा मलेच ऐकू आलं का मी काय बोलून राहिलो. मंग थांबलो. आईनं काय म्हटलं ते सांगाचं होतं, ते तसंच राहिलं.

फ्रेंच पुस्तक दिलं. त्यांनी शिलाई पाहिली, चांगली झाली म्हणे, अन् पिशवीत टाकलं. हर्षितले मी सांगते म्हणे, तू राहू दे. नवीन आवृत्ती काउंटरवरच होती. मी म्हटलं, ताई, हे राहिलं.

"ते तू ठेव," त्या म्हणाल्या. "तुझंच नाव आहे त्यात."

अन् वर क्लासले गेल्या.