गळ्याखालची काजळी

बाबा, काल खामगावला जाऊन फोटो काढून आले. माझ्या थोरल्याला नागपूरच्या सेक्रेटरिएटात कारकुनी लागली, आणि त्याला तिथल्या खोलीत लावायला आई-वडलांचा फोटो हवा आहे म्हणे. ही बातमी तुम्हाला सांगावीशी वाटली, कारण आपल्या घरात चेहऱ्याची काळजी वाहण्याचं काम तुमच्याकडे होतं. आईनं आरशात पाहिलं ते फक्त कुंकवापुरतं. फोटोवाल्याची खोली म्हणजे तुमच्या नाटकाच्या रंगपटाचीच बहीण. मागे रंगवलेली बाग, पुढे लाकडी खुर्ची, भिंतीला आरसा, आणि उजेडासाठी छताजवळ मोठी काचेची खिडकी. माणूस अदबीचा होता. त्यानं मला खुर्चीत बसवलं, मान थोडी वर करायला लावली आणि म्हणाला, "बाई, फिकीर करू नका. फोटोच्या काचेवर पेन्सिल फिरवली का धा वर्सं उतरवून देतो. ह्या गळ्याच्या घड्या त दिसनार बी नाही." मला एकदम हसू फुटलं. हे शेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते, त्यांना वाटलं बायकोला काही तरी झालं. त्यांना काय सांगणार? मला तर तिथं एरंडेलाच्या दिव्याचा वास यायला लागला होता.

मी माहेरी आले आहे आणि आपल्या चुलीशेजारी तुम्ही बसलेले आहात. एरंडेलाचा दिवा पेटवून त्यावर आईची पितळी वाटी पालथी घातली आहे, आणि वाटीच्या पोटात काजळी धरायची वाट बघत आहात. दिवसभर कपाशीत राबून आलेला माणूस, पायांची माती अजून धुतलेली नाही, पण काजळी आधी. ती काढून तुपात कालवायची, थोडा गेरू घालायचा, आणि आईच्या सहाणेवर बोटानं घोटत राहायचं. आई भाकरी थापता थापता बोलते, "वाटी माही, तूप माहं, न सहान बी माहीच. पोरगी सासरी गेली न तिचा बाप सोळाचा होऊन राह्यला." तुमचं बोट सहाणेवर फिरतच राहतं. मला मात्र सांगता, "उजेड कुठून येऊन राह्यला ते पाह्य आधी. रंग मंग." आणि दिवा उचलून जमिनीवर ठेवता, अगदी पायांशी.

तेव्हा मला ते पटकन कळलं नव्हतं. आज खेड्यातल्या त्या नाटकाच्या मंचाविषयी माझ्या मुलांना सांगते, तर त्यांनाही नीट सांगावं लागतं. आपल्या नाटकमंडळीचे दिवे वर टांगलेले नसत. कारबाइटचे, म्हणजे खड्यांवर पाणी पडून सुटणाऱ्या वायूवर जळणारे दिवे मंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीवर ओळीनं, मागे पत्रे लावून. म्हणजे उजेड खालून वर यायचा आणि सगळ्यात आधी हनुवटीखाली पडायचा. चाळिशीनंतर तिथं जे मांस सुटतं, तेच सगळ्यात आधी उजळायचं. म्हणून तुम्ही जबड्याखाली आणि गळ्यावर काजळी ओढत होता, गालांच्या कडा काळवंडत होता, नाकाच्या दोन्ही बाजू दाबून मधल्या दांड्यावर सफेद्याची रेघ देत होता. लोंबणारा गळा अंधारात बुडून जायचा, रुंद तोंड बारीक व्हायचं, आणि नांगर धरून रापलेला माझा बाप दिव्यांपुढे सोळा वर्षांची पोर होऊन उभा राहायचा. बायका आपल्या सुनांना सांगायच्या, पदर घ्यावा तर असा. मला तुमचा अभिमान वाटायचा आणि थोडा हेवाही, कारण मी खरीच सोळाची होते आणि माझ्याकडे कोणी तसं पाहत नव्हतं.

पण दरवर्षी काजळी वाढत होती, हे मला दिसत होतं. दिवाळीपासून चैत्रापर्यंत तुम्ही अर्ध्या भाकरीवर राहत होता, कंबर राहावी म्हणून. भाताला तर हात लावत नव्हता. मग एका वर्षी मी माहेरपणाला आले होते, तेव्हा मंडळी चालवणारे मास्तर अंगणात येऊन बसले. शाळेतले मास्तर, नाटकंही तेच लिहायचे. ते खाली बघत म्हणाले, "साखरखेर्ड्याची जत्रा होऊ द्या. तिथं लोकांनी उचलून धरलं तर ठीक. नाही तर पुढच्या सालापासून नायिका तांबोळ्याचा मुलगा करील." तांबोळ्याचा मुलगा तुमच्यासोबत सखीचं काम करायचा. मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं त्याला. तुम्ही मास्तरांना पान दिलं, हसून बोललात. ते गेल्यावर मात्र ओट्यावर बसून राहिलात. मी पाणी दिलं तर तुम्ही मला विचारलंत, "हे गेलं, त मंग मी कोन हाय वं बाई?" मास्तरांनी लिहून दिलेली नाटकाची नक्कल हातात धरून तुमचं पाठांतर घेता घेता मी वाचायला शिकले होते, पण त्यात या प्रश्नाचं उत्तर कुठं नव्हतं.

आणि जत्रा माझ्याच सासरी! मी आठ दिवस आधी साखरखेर्ड्याला परत गेले होते. सासूबाईंना नाटकाचा भारी शौक, आणि त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की नायिका म्हणजे आमचे व्याही. तुमच्या गाड्या आल्या त्या दुपारी, आणि सगळी मंडळी कपाळाला हात लावून उतरली. पैनगंगा ओलांडताना कारबाइटचा डबा पाण्यात पडला होता. झाकण उघडून सगळा माल फसफसला, घाण वास सुटला, बैल बुजले, आणि दिव्यांची गोष्ट तिथंच संपली. गावात तेवढं कारबाइट कुठून मिळणार? लांबलांबच्या गावांहून लोक आलेले, त्यांना मुक्काम करायचा नव्हता. शेवटी मास्तरांनी ठरवलं, दिवसाउजेडीच नाटक करू. तुम्ही लगेच देवळामागच्या कोठडीत रंगायला बसलात. कोठडीला खिडकी नव्हती. तुम्ही नेहमीसारखा कंदील पेटवलात, नेहमीसारखा जमिनीवर ठेवलात आणि आरशात बघून नेहमीसारखा, किंबहुना त्या दिवशी थोडा जास्तच, चेहरा काढलात. मला सारखं सांगणाऱ्या माणसाच्या ते एकदाही मनात आलं नाही, की बाहेर ऊन आहे आणि ते वरून येतं.

मी बायकांमध्ये बसले आहे, सासूबाई शेजारी. पडदा सरकतो. कमरेवर घागर घेऊन तुम्ही लचकत येता, मागे सखी. वरच्या उन्हात गालांच्या कडा आत खोल गेल्या आहेत. गळ्याखालची काजळी दाढीसारखी दिसते आहे, नाकाच्या बाजूंनी ओठांपर्यंत दोन काळे चर पडले आहेत. नायिका कुठली, सत्तरीची म्हातारी पाणी भरायला आली आहे. मग पुढे बसलेली एक आजीबाई, अगदी मनापासून, मोठ्यानं विचारते, "माय वं! इतक्या बुढापनी पानी भरून राह्यली? सून काय करते घरी?" आणि सगळी जत्रा हसायला लागली. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला, तरी त्यांचे खांदे हलत होते. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मास्तर विंगेतून पडदा ओढायची खूण करत होते. तुम्ही गाण्याची पहिली ओळ ओठांवर घेऊन तसेच उभे होतात, आणि मी मनात म्हणत होते, बाबा, आत जा, आत जा.

तुम्ही आत गेला नाहीत. गळ्याला बोट लावलंत, बोटाकडे पाहिलंत, वर सूर्याकडे पाहिलंत. मग घागर खाली ठेवली, कमरेवर हात दिला, पाठ वाकवली आणि त्या आजीबाईकडे बघून असा काही उसासा टाकलात की मागच्यांनाही ऐकू गेला. "सून?" तुम्ही म्हणालात. "सून आरशापुढं बसली हाय माय, दिस उगवल्यापासून. तिले म्हनलं पानी आन, त म्हनते, बुढे, माही काजळी पुसते!" लोक जे उसळले! आता ते तुम्हाला हसत नव्हते, तुमच्यासोबत हसत होते, आणि तो फरक मला बसल्या जागी कळला. मग तुम्ही वळून सखीला हाक मारलीत, "ये वं नातीबाई, उचल घागर. तुव्हे दिस हायेत हे." तांबोळ्याचा मुलगा गोंधळून कुजबुजला, "काका, मैं?" तुम्ही घागर त्याच्या कमरेवर बसवून दिलीत, पदर सारखा केलात. तो गायला लागला. इतक्या वर्षांत तुमचं सगळं त्याला पाठ झालं होतं. आणि तुम्ही नाटकभर नायिकेची आजी होऊन वावरलात, मास्तरांनी जी कधी लिहिलीच नव्हती. राजपुत्र बोलायला आला की तुम्ही मध्येच जाऊन खोकत होतात. त्याला कुळी विचारत होतात. शेवटच्या प्रवेशात नातीची पाठवणी करताना मात्र खोकणं, विचारणं सगळं थांबवलंत. नुसता तिच्या गालावरून हात फिरवलात. माझ्या पाठवणीच्या दिवशी तुम्ही गोठ्यात जाऊन बसला होतात, ते मला आठवलं. सासूबाई मघाशी हसू दाबत होत्या, आता डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी तुम्ही आमच्या अंगणात तेल लावून रंग उतरवत होता. मला वाटत होतं तुम्ही रडाल, म्हणून मी बेसनाची वाटी घेऊन जवळच उभी होते. सासूबाई स्वतः ऊन पाणी घेऊन आल्या. "व्याही, अशी बुढी म्या जन्मात पाह्यली नाही. थेट माह्या सासूवानी चालत होते तुमी." तुम्ही तेलकट तोंडानं हसलात. मास्तर आले, म्हणाले, पुढच्या साली तुमच्यासाठी म्हातारीचं नाटक लिहितो. ते गेल्यावर तुम्ही ओल्या पंच्यानं गळा खसाखसा पुसला, जोरात, पाठीवरचं ओझं उतरवल्यासारखा, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "सुटलो वं बाई." एवढंच. मग जेवायला बसलात. सासरी त्या दिवशी निखाऱ्यांत भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी होती. मी वाढायला वाकले की तुम्ही ताट पुढे करत होता, वरणावर तूप मागून घेत होता, भातसुद्धा दोन्ही हातांनी कालवलात. बापाला पोटभर जेवताना मी कित्येक वर्षांनी पाहत होते. इतकं बरं वाटलं मला, की वाढता वाढता मीच दोन घास स्वैपाकघरात उभ्यानं खाल्ले.

पुढे तुम्ही म्हातारी म्हणून धाडपासून वडनेरपर्यंत गाजलात. आईची वाटी घासून परत फडताळात गेली. नायिकेपेक्षा म्हातारीला जास्त टाळ्या पडतात, हे तुम्हाला आधी कोणी सांगितलं नव्हतं. तुमचा शेवटचा ताप येईपर्यंत तुम्ही खुशीत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक मात्र राहून गेलं. तुमचा फोटो नाही. नायिका होता तेव्हा जत्रेत फोटोवाला आला, तर रंगाशिवाय नको म्हणून तुम्ही ज्वारीत जाऊन लपलात. नंतर तुम्हाला हवा होता, तर फोटोवाला आला नाही. माझी मुलं विचारतात, आजोबा दिसायचे कसे? मी त्यांना म्हातारीची चाल करून दाखवते. चेहरा कसा दाखवणार? तो माझ्याही डोळ्यांपुढून हळूहळू पुसट होत चालला होता, आणि याची मला फार भीती वाटत होती.

तर काल त्या खुर्चीत मान वर करून बसले, वरच्या खिडकीतून उजेड आला, आणि समोरच्या आरशात मला तुमचा गळा दिसला. तोच. जबड्याखाली सुटलेला, दोन घड्यांचा. अर्धं आयुष्य तुम्ही काजळीखाली दाबून ठेवलेला, आणि त्या संध्याकाळी खसाखसा पुसून मोकळा केलेला. माझ्या अंगावर तो कधी येऊन बसला, मला कळलंही नाही. फोटोवाला पेन्सिलीचं पुन्हा सांगत होता. मी म्हटलं, "गळ्याला हात लावू नका. तो माझ्या वडलांचा आहे." तो बघतच राहिला. हे म्हणाले, "राहू दे म्हन्ते, त राहू द्या." घरी येताना मोटारीत इतकं हलकं वाटत होतं, की मी अख्खी वाट तुमच्या म्हातारीसारखी बडबडत होते.

फोटो पुढच्या आठवड्यात येईल. फ्रेमच्या मागे काही तरी घालावं लागतंच, हा कागद तिथंच घडी करून घालीन. थोरला भिंतीवर लावील आणि मागे काय आहे ते त्याला कळणार नाही. तुम्हाला मात्र एक सांगून टाकते. निघताना हे चपला घालत होते, तेवढ्यात मी फोटोवाल्याला हळूच म्हटलं, डोळ्यांखालचं काळं थोडं काढा. ते तुमचं नव्हतं, माझंच होतं. पण ही खोड तुमची आहे, बाबा.