बाई, तुझ्या नळाची लाईन

प्रिय बाई,

तुला कधी पत्र लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. आपल्या बहीण-भावाच्या दोन घरांत भिंत एकच, पत्राची गरज काय? पण उद्या सकाळी फिटर येणार आहे. विहिरीच्या पंपाला बसवायचा व्हॉल्व्ह मी आज गोंदियाहून आणला. कोणता आणला, हे घरात सांगण्याआधी तुला सांगावंसं वाटलं.

एक विहीर, एक पंप आणि दोन घरांना दोन लाईन. माझ्या न्हाणीत नळ सुटला की तुझ्या अंगणातली धार बारीक व्हायची. लगेच भिंतीपलीकडून आवाज यायचा, "काऊन रे बाबू, वैनगंगा न्हानीत आनली का? माह्या गुंडात थेंब नाही!"

"दोन मिनिटं थांब बाई, ऑफिसले उशीर होऊन राहिला!"

"न्हा बाबू, न्हा! गोरा होतेस का पाहू दे एकदा!"

सगळं मुर्री गाव हसायचं. मीही आत एकटाच हसायचो. तुला ते कधी कळलं का?

शेवटच्या दिवसांत तुझी हाक येईनाशी झाली. मला वाटलं, आता पाणी नीट येत असेल. तू गेल्यावर तुझ्या भावजयीनं, शोभानं, सांगितलं की तू अंगात ताप असताना दोरानं पाणी शेंदत होतीस. तिलाही गप्प बसवलंस, "बाबूले नोको सांगू, कामावर जाते तो." काऊन, बाई? आयुष्यभर एवढी ओरडलीस आणि तेव्हाच गप्प राहिलीस! एक हाक मारली असतीस, तर अंगाला साबण तसाच ठेवून धावत आलो असतो.

तुझ्या जलदानविधीच्या दिवशी भंतेजी गाथा म्हणत होते. आम्ही सगळ्यांनी कलशाला हात लावून वाटीत पाणी सोडलं. वाटी भरून थाळीत वाहू लागली तरी तुझी लेक कविता हात काढेना. संध्याकाळी कोहमाऱ्याला सासरी निघताना तिनं मला विचारलं, "मामाजी, माय नाही आता. मी येत जाऊ का इथं?"

मी नुसती मान डोलावली गं, पण ती खाली पाहून चप्पल घालत होती. तिला दिसलं असेल का? तेव्हापासून तिचा फोन नाही.

मग पंप बिघडला. सारखा चालू-बंद, चालू-बंद. फिटर म्हणाला, दाब एकसारखा ठेवणारा व्हॉल्व्ह लावा, नाही तर मोटर जळेल. "आन काकाजी, बाईची लाईन बंदच करून टाकू. पाइपाच्या तोंडाले टोपी लावून देतो. तिकडं राहते कोन? लहानसा व्हॉल्व्ह पुरते मंग." तो चुकीचं काही बोलला नाही. शोभा मात्र उठून आत गेली.

दुकानदारानं दोन व्हॉल्व्ह समोर ठेवले. एक प्लास्टिकचा, एका घरापुरता. दुसरा पितळी, वरच्या पेचानं दाब कमी-जास्त करता येणारा, दोन्ही लाईन चालल्या तरी धार सारखी ठेवणारा. मी पितळीला हात लावला, तर तो म्हणाला, "भाईसाहब, बिना जरूरत बड़ा मत लो. इसमें पानी ज्यादा चलना चाहिए. थोड़ा-थोड़ा चलेगा, तो पंप फिर चालू-बंद होगा. घर एक है कि दो?"

"दो."

"दोनों में लोग हैं?"

मी "हां" म्हणालो, आणि भर बाजारात मला रडू फुटलं, बाई! तुला उचललं तेव्हाही मी रडलो नव्हतो. त्या भल्या माणसानं पितळीच बांधून दिला.

तुझी लाईन बंद करणार नाही. घर भाड्यानंही देणार नाही. रोज सकाळी आमच्याकडे नळ चालू असताना मी तुझ्या अंगणातला नळ सोडीन आणि तुझ्या पेरूला पाणी घालीन. पण तेवढ्यानं ते घर भरत नाही, हे मलाही कळतं.

धान कापून घरात आलं की मी कोहमाऱ्याला कविताकडे जाईन. फोनवर निरोप देणार नाही. तिच्या सासूला रीतसर विचारीन आणि कविताला पोरांसकट घेऊन येईन. दर वर्षी आणायला मीच जाईन, माझे पाय चालतात तोवर. मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. तरी कविता दारात आली की मी तोंड उघडून म्हणेन, "बेटा, तुले न्यायले आलो." हे वचन देतो, बाई.

तुझा,
बाबू