जुन्या भोंग्याचा सूर

पणदरे, सोमवार

तीर्थस्वरूप आप्पासाहेब दाजींच्या चरणी मेव्हणा झुंबर याचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? कौसल्याअक्काची साखर उतरली का? मला रात्रभर झोप नाही, पण गाणं उत्तम चाललं आहे.

येत्या गुरुवारी इंदापुरात पुण्याची माणसं माझी गाणी यंत्रात भरून घेणार आहेत. पन्नास वर्षं तुणतुणं घेऊन गावोगाव गायलो, ते आता पहिल्यांदा कोणी जपून ठेवणार. गाण्याची मला काळजी नाही. काळजी सुराची आहे.

तुम्ही तीस वर्षं कारखान्याचा भोंगा वाजवलात, म्हणून तुम्हालाच हे कळेल. मी चौथी नापास, पेटी कधी शिकलो नाही. वडिलांनी तुणतुणं हातात दिलं आणि सांगितलं, "सकाळच्या पाळीचा भोंगा झाला की तार त्याला लाव." तोच माझा सूर. लांब सुप्याच्या गावी भोंगा ऐकू जात नाही, म्हणून तिकडे गायला जाताना तो सूर तोंडात गुणगुणत नेत असे. (वाटेत बोललो की सांडायचा. एकदा एका वऱ्हाडानं रस्ता विचारला, मी नुसता हात केला. नवऱ्याच्या मामानं मुका समजून हातावर लाडू ठेवला. दुपारी त्याच मांडवात मी गायला उभा.) इंदापूरच्या स्टँडवर तर एका ट्रकच्या हॉर्ननं सूर पुसला, त्या दिवशी ट्रकच्या सुरात गायलो. आठ दिवस घसा बसला. लोकांना आवडलं, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यानं नवा भोंगा बसवला. त्यापेक्षा कुकरची शिट्टी बरी. त्याला तार लावली की गळा पोचत नाही आणि लोक म्हणतात, झुंबर थकला. मी थकलो नाही, भोंगा बदलला. काल पेटीवाल्या दीपकनं माझा सूर पेटीच्या कुठल्या पट्टीत ते विचारलं, "आबा, काळी दोन का काळी चार?" मी म्हणालो, "सकाळची पाळी." तो हसला. संबळ वाजवणारी माझी नात प्रगती हसली नाही. म्हणाली, "आबा, त्यो भोंगा भंगारात गेलाय. आता कसं करायचं?"

बघू म्हणालो. अक्काला नमस्कार.

तुमचा,
झुंबर

ता. क. प्रगतीच्या बारशाला तुम्ही तोंडानं हुबेहूब भोंगा काढला होता आणि जेवणारे चार कामगार ताटावरून उठले होते. गुरुवारी पहिल्या एसटीनं इंदापूरला या, पुढच्या रांगेत बसा. मी पागोट्याला हात लावला की तेवढा एकदाच काढा.

ता. क. दुसरा. आत्ताच अक्काचा फोन आला. कवळी बसवल्यापासून तुमच्या तोंडातून नुसती हवा जाते म्हणे. चालेल. तरी या आणि समोर बसा, तुमचं तोंड दिसलं की मला सूर आपोआप सापडेल. फक्त झोपू नका. तुमचं घोरणं नव्या भोंग्याच्या सुरात आहे.